सिंकमध्ये गेलेली माती

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नाही; आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. आणि हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही.

ठाण्याच्या कॉलेजात मी आणि नंदा एम.एस्सी.चं संशोधन करत होतो. अमाइड नावाचं रसायन बनवायला लोक जहाल आम्लं वापरतात, मग ती गटारात जातात. आमच्या सरांना त्याऐवजी आम्ल मुरवलेली माती वापरायची होती. प्रयोग झाला की माती गाळायची, धुवायची, तापवून वाळवायची, पुन्हा तीच घालायची. किती स्वच्छ कल्पना! आणि तिच्यात माझ्यासारखा माणूस.

एकदा धुताना माझी माती सिंकमध्ये वाहून गेली. सांगायचं होतं — पण सरांसमोर तोंड उघडेना. डब्यातली ताजी माती घातली. अमाइड पहिल्याइतकंच आलं. सरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही. पुढच्या प्रत्येक खेपेला वापरलेली माती मी मुद्दाम फेकली आणि ताजी घातली. भित्रा म्हणू स्वतःला? भित्रा एकदा घाबरतो. मी तर सराईत झालो होतो.

नंदाची माती मात्र खेपेगणिक मरत होती, अमाइड कमी कमी येत होतं. मरणारच — ज्यापासून अमाइड बनतं ते अमाइन मातीतल्या आम्लाला चिकटतं, सोडत नाही. ती खरं तेच दाखवत होती.

“अगं, त्याची चालते, तुझीच कशी मरते? हात धुतेस ना नीट?” सर म्हणाले. सगळे हसले. मीही.

मग ती माझ्याकडे आली. “तू कशी धुतोस रे? एकदा दाखव ना.”

ती दिवा गावची, वडील मिठागरात राबलेले. मी म्हणालो, “ही मिठागरातली माती नाय, नंदा. हिला डोकं लागतं.”

आणि दाखवलं — सावकाश, गंभीर चेहऱ्यानं. ती मान डोलावत बघत होती. माझ्या त्या चेहऱ्याची मला आजही किळस येते.

तिनं तसंच धुतलं. माती मेलीच. सरांनी तिचं काम थांबवलं, तिची पदवी राहिली. मला मिळाली; डोंबिवलीच्या कारखान्यात नोकरीही.

परवा कल्याणला एक वर्गमित्र भेटला. नंदा खडवलीच्या शाळेत विज्ञान शिकवते म्हणाला. छान शिकवते. फक्त प्रयोगाच्या तासाला स्वतः कशाला हात लावत नाही. मुलांनी विचारलं तर सांगते — माझ्या हाताला गुण नाही.