अडकलेली डिस्क

काल मोबाइलचं सिमकार्ड काढायला बारीक छिद्रात पिन खुपसली आणि वणीजवळच्या कोळसा खाणीतली एक सकाळ आठवली.

मी तिथे नकाशे सांभाळायचे. पाण्याने भरलेल्या जुन्या बोगद्यांचा नकाशा ऑप्टिकल डिस्कवर होता. त्या दिवशी वीज जाऊन आली आणि डिस्क ड्राइव्हमध्येच अडकली. ती बाहेर काढायला मी ड्राइव्हच्या बारीक छिद्रात तार खुपसत होते. एसीच्या गारव्यातही घामाने ती बोटांतून निसटत होती. कापसाची शेती सोडून खाणीत लागलेला नामदेव आपल्या टोळीसह दारात उभा होता.

"ताई, कायले अडवून राह्यल्या? उतरू द्या ना!"

"नकाशा पाहिल्याशिवाय नाही."

दुपारी डिस्क निघाली. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली. पडद्यावर पाण्याची निळी रेघ त्यांच्या खोदकामाला टेकली होती. तिथलं काम आता बंदच करावं लागणार होतं. माणसं वाचली म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं. नामदेव मात्र पडद्याकडे पाहतच राहिला.

"मंग आता कुठं जाचं, ताई? वावर तं विकलं."