अर्धा चंद्र आणि बाबांची रजा

शिमग्याचा चंद्र मला कधीच आवडला नाही. आंबेनळीच्या डोंगरामागून तो वर यायचा — पिवळाधमक, वाटोळा, होळीच्या धुरात आणि भाजल्या नारळाच्या वासात न्हालेला — आणि मी अंगणात हिरमुसून उभी असायची. मला हवा होता अर्धा चंद्र, आणि तोही बाबा घरी असताना.

बाबा मुंबईला छापखान्यात कामाला. आमच्या गावी, कापड्याला, यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. चंद्र झिजतो कसा, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. शाळेतली मैत्रीण म्हणायची, पृथ्वीची सावली पडते.

"तसं नाय गो," बाबा म्हणाले. "पण तोंडानं सांगून कळायचं नाय. चांद अर्धा असला की दाखवतो."

शिमग्याला तो पुरा. कडेने जरा झिजू लागतो न लागतो तोच बाबा एसटीत बसलेले. गणपतीत चवथीचा चंद्र बघायचाच नाही, आणि पुढे गौरी जाईपर्यंत आभाळ ओल्या घोंगडीसारखं डोंगरावर पसरलेलं... वर्षामागून वर्षं. मी पाय आपटायची. बाबा हसायचे, आणि मला त्या हसण्याचाही राग यायचा.

एका वर्षी भातझोडणीच्या दिवसांत आईचा हात मोडला आणि बाबा अवचित आले. सकाळी खळ्यावर, पेंढ्याच्या कोरड्या, गोडसर वासात, त्यांनी मला हाक मारली. पश्चिमेच्या निळ्या आभाळात अर्धा चंद्र! त्यांनी एक लिंबू चंद्राच्या शेजारी दिसेल असं धरलं. कोवळं ऊन लिंबाच्या अर्ध्याच अंगावर होतं — अगदी चंद्रावर होतं तसंच.

"सावली कसली? उन्हातली बाजू जेवढी आपल्याकडं, तेवढा चांद. तो आपल्याभोवती फिरतो ना."

मग लिंबू माझ्या हातात दिलं, हात लांब करून डोक्याच्या जरा वर धरायला लावलं आणि मला गोल फिरवलं. मी सूर्याकडे पाठ केली, लिंबू उजळलं. "ही पुनव." मी सूर्याकडे वळले, ते काळवंडलं. "ही आवस."

"आधी भात झोडा, मग चांद बघा!" गळ्यात हात अडकवलेली आई ओरडली.

दोन दिवसांनी बाबा गेले. रोज सकाळी चंद्र बारीक होत गेला. का, ते मला कळत होतं, आणि ज्यांना सांगायचं ते दूर मुंबईत होते.

आता बाबा नाहीत. पुढे हे सारं पुस्तकांत सविस्तर वाचलं, मुलांनाही समजावलं. तरी टोचतंच. पेंढ्यावर नीट बसायच्याही आत, क्षणात उमगलेल्या एवढ्याशा गोष्टीसाठी सारं बालपण वाट पाहिली... दोष द्यावा असं कुणी सापडत नाही. म्हणूनच असेल, तो राग अजून माझ्यापाशीच राहिला आहे.