उजव्या गालावरचा तीळ

सदाभाऊंचा विषय निघाला की आम्हा जुन्या लोकांचा चहा हमखास गार होतो. एकाचा किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याला आणखी दोन आठवलेले असतात.

सत्तर सालाच्या आसपास पिंपरीच्या आमच्या कंपनीत ते फोटोग्राफर होते, मी ड्रॉइंग ऑफिसात. एकदा एका लेथचा फोटो हवा होता. सदाभाऊ तीन दिवस नुसतेच कॅमेरा लावून उभे! मॅनेजर तडकले. हे शांतपणे म्हणाले, "मी आलोय साहेब, उजेड अजून ड्यूटीवर आला नाही." चौथ्या दिवशी छताच्या काचेतून हवं तसं ऊन उतरलं. फोटो बघून मॅनेजर तोच लेथ बघायला पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले.

*

घरी चिंचवडला ते चित्रं छापायचे. जस्ताच्या प्लेटवर मेण लावून सुईने चित्र काढायचं, ॲसिडने रेघा खोदायच्या, शाई भरून कागदावर दाबायचं. ॲसिडने सगळ्या शर्टांना भोकं पडलेली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "पगार पुरत नाही का?"

"पगार पुरतो साहेब, शर्ट पुरत नाहीत."

*

प्लेट मिळायची मुश्किलीने, म्हणून एकदा छापलं की ती घासून कोरी करायचे. बघताना माझा जीव तुटायचा. एकदा म्हटलं, "अहो, एखादी तरी ठेवा."

"रेघ पुन्हा ओढता येते राव. प्लेट कुठून आणू?"

*

दिघीचे नामदेव मिस्त्री कंपनीतून रिटायर झाले तेव्हा सदाभाऊंनी त्यांचा फोटो काढला आणि त्यावरून चित्रही छापलं. छापताना डावं-उजवं उलटतं, त्यामुळे डाव्या गालावरचा तीळ चित्रात उजव्या गालावर गेला. दोन्ही घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो.

मिस्त्री फोटो बघून म्हणाले, "ह्यो मी न्हाई." मग चित्र हातात घेतलं. "ह्यो मी. रोज दाढी करताना आरशात ह्योच असतो."

त्यांच्या बायकोने, सखूबाईंनी, चित्र परत केलं. "फोटोतलेच खरे. ह्यो मानूस कोन परका? घरात नगं." भिंतीवर फोटो लागला. सदाभाऊंनी घरी येऊन चित्र फाडून टाकलं.

वर्षभरात मिस्त्री गेले. एका रविवारी सखूबाई चिंचवडला आल्या. मी तिथेच होतो.

"भाऊ, ते चित्र द्या."

मी सदाभाऊंकडे बघितलं. सदाभाऊ आत गेले आणि प्लेट घेऊन आले. ती घासलेली नव्हती. त्यांनी शाई भरली, कागद दाबला, उचलला. सखूबाईंनी तो ओला कागद दोन्ही हातांत धरला.

"मला दिसायचे ते भिंतीवर हायेत," त्या म्हणाल्या. "त्यांचे त्यांना दिसायचे, ते ऱ्हायले व्हते."