जगदेवरावांच्या मिशा

संस्थान विलीन झालं आणि बहिऱ्या नलूला शाळेत रोज तासभर वेगळं बसवून ओठ वाचायला शिकवण्याची दरबारी परवानगीही बुडाली. तिचे वडील जगदेवराव, मोडलेल्या रिसाल्याचे, म्हणजे संस्थानी घोडदळाचे, जमादार, पगडी बांधून शाळाखात्याच्या नव्या साहेबांपुढे उभे राहिले.

“सगळ्या मुलांना एकच नियम,” साहेब म्हणाले.

“हुजूर, आम्ही घोड्याघोड्याचं तोंड मापून लगाम करायचो. एकच लगाम सगळ्यांना घातला, तर तोंडं फाटतात.”

“अहो, पोरीला घोडी काय म्हणता!” पत्नी कुसुमताई कुजबुजल्या.

साहेबांनी तीन महिने दिले; तेवढ्यात प्रगती दिसली नाही, तर तास बंद.

बाहेर नलू वडिलांच्या ओठांकडे टक लावून होती. तिला ओठ वाचायला शिकवणाऱ्या बाईंनी ‘कापा’ म्हणून दहादा सांगूनही राखलेल्या झुपकेदार मिशांआड तिला काही दिसेना.  जगदेवराव तडक बाजारातल्या न्हाव्याकडे निघाले.