मुठीतले अंडे

फाल्गुनातले कोवळे ऊन, त्या उन्हाकडे धरलेली मूठ आणि मुठीच्या पोकळीतून दिसणारा अंड्याच्या आतला तांबूस, ऊबदार प्रकाश! अरुणोदय पुष्कळ पाहिले, पण इतका जवळचा दुसरा पाहिला नाही. पाथर्डीकडच्या आमच्या गावी अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी दाणे टिपायला उठली, की आई एकेक अंडे मुठीत धरून उन्हाकडे करी आणि एक डोळा मिटून आत पाही. "त्या तांबड्या दोऱ्या बघ. जीव धरलाय," ती म्हणे. मी सात वर्षांची होते. आत रक्तवाहिन्यांचे नाजूक जाळे होते आणि मधोमध एक ठिपका हलत होता. पिसे नाहीत, चोच नाही; पण हृदय मात्र कामाला लागलेले!

त्या ठिपक्यामागे माझे सारे आयुष्य गेले. मासा, बेडूक, कोंबडी, माणूस. पाठीला कणा असलेले सारे जीव गर्भावस्थेत किती सारखे दिसतात! होऊ घातलेल्या कण्याजवळून काही पेशी निघतात, दूरचा प्रवास करतात आणि पुढे जाऊन चेहरा घडवतात. घडलेल्या चेहऱ्यावरून त्यांचे मूळ गाव कोण ओळखणार? म्हणून आम्ही गर्भाचे अभ्यासक त्यांना निघतानाच रंग लावतो. मग पेशी कुठेही जावो, रंग तिची चुगली करतो. तीस वर्षे मी हेच केले, एकाही पेशीला आपले मूळ लपवू दिले नाही.

आणि मी स्वतः? पुण्याच्या वसतिगृहात एका मुलीने नाक मुरडून "खुराड्याचा वास येतो" म्हटले, त्या दिवसापासून मी माझा रंग घासघासून धुऊन काढला. साबण बदलला, मग बोली बदलली. गावाचे नाव कुणी विचारले तर 'नगरकडची' एवढेच सांगू लागले. पोरवय होते, म्हणून तेवढे सोडून देता येईल.

पण गेल्या वर्षी नगरला माझा सत्कार झाला, तेव्हा मी काही पोर नव्हते. विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसून आई पहिल्या रांगेत बसली होती. श्रोत्यांतून कुणीतरी विचारले, गर्भ पहिल्यांदा कुठे पाहिलात? 'गावी' एवढा एक शब्द पुरेसा होता! समोरच्या प्राध्यापकमंडळींकडे पाहत मी म्हणाले, "कॉलेजात, सूक्ष्मदर्शकाखाली." टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या. आठवले की आजही कानशिले तापतात. खोटे बोलल्याची लाज वाटतेच. पण त्या क्षणी काहीच वाटले नाही, याची त्याहून अधिक वाटते.

परवा गावी गेले. आईच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. कोंबडी उठली, तसे तिने चाचपून एक अंडे काढले आणि माझ्या हातात दिले. "मला दिसंना. तूच बघ." मग म्हणाली, "मला लई वर्सं वाटायचं, ह्ये मीच दावलं हुतं तुला. तू तिथं सांगितलंस, तवा कळलं. इसरले असंन मी."

माझ्या खोट्यावर तिने विश्वास ठेवला होता आणि स्वतःच्या आठवणीवरचा काढून घेतला होता! मी अंडे मुठीत धरून उन्हाकडे केले; आतला ठिपका हलताना दिसत होता, पण मला आईकडे पाहवेना. "नाही गं आई, तूच दाखवलंस. मी खोटं बोलले." तिने चाचपून माझी मूठ शोधली. मग माझ्या हातून अंडे घेऊन टोपलीत ठेवत म्हणाली, "त्ये समद्यांम्होरं म्हन्लीस. आन् ह्ये? हितं कोन हाय ऐकायला? कोंबडी?"

कोंबडी परत येऊन बसली, तिने चोचीने ते अंडे पोटाशी ओढून घेतले. माझी मूठ रिकामीच मिटलेली होती, तळव्याला अजून ऊब होती. आईचे खरे होते, ऐकायला तिथे कुणी नव्हते. म्हणून तुम्हां सगळ्यांसमोर सांगते आहे. गर्भ मी पहिल्यांदा पाहिला, तो माझ्या आईच्या मुठीत.