कनातीवरचं उलटं फूल

नव्या कापडाच्या खळीचा वास आला की मला ती काचेची पेटी आठवते. उधन्यात आई मंडपाच्या कनातींवर, म्हणजे कापडी भिंतींवर, फुलं शिवायची. संग्रहालयात जुन्या सचित्र पोथ्या मांडल्यात असं कळल्यावर मीच तिला ओढत नेलं. काचेच्या पेटीतल्या एका पानावर रंगवलेल्या लालभडक शाही तंबूपाशी ती थबकली आणि ओरडलीच, "ओ माय, हाई फूल उलटं शे!" खरंच, कनातीवरच्या अख्ख्या रांगेत एकच फूल खाली डोकं करून होतं. आदल्याच दिवशी ह्याच चुकीपायी मालकाने तिची कनात तोंडावर फेकली होती. "बेन, काचने अडशो नहीं!" म्हणत, काचेला हात लावू नका असं गुजरातीत बजावत पहारेकरी धावला, तरी आई टाळ्या पिटत म्हणाली, "बादशहानी तं चालाडी लिधी!" बादशहाने ती चूक चालवून घेतली होती, ह्याचाच तिला आनंद. यंदा माझ्या लेकीच्या मांडवात मी आधी कनातीच न्याहाळल्या. एक फूल उलटं होतं, आणि म्हातारी आई गालातल्या गालात हसत होती.