खडकावरची माती

छत्रीबागेत लक्ष्मीकांतराव फणसे यांच्या परसात कुदळ मारली की चार बोटांखाली ठिणगी उडे. खाली सलग काळा खडक. होळकरांच्या दप्तरखान्यात तीस वर्षं त्यांनी कागदांचे गठ्ठे रुमालात बांधले होते. संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि ते पेन्शनीत निघाले. १९५१च्या चैत्रात त्यांनी त्या खडकावर वाफा रचायला घेतला. खोदायचं नाही, वर थर द्यायचे: उसाची चिपाडं, वाळका पाला, शेण, राख. आणि रोजचं निर्माल्य.

निर्माल्य खान नदीत सोडायचं, त्यावर पाय पडू द्यायचा नाही, ही घरची रीत. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई भडकल्या.

“देवाच्या डोक्यावरचं फूल शेणात घालता?”

“वाफ्यावर कोणाचा पाय पडू देणार नाही मी.”

“नवरात्रापर्यंत बघते. घटाखाली धान्य पेरायला चालेल अशी माती झाली, तर राहू दे. नाहीतर सगळा ढीग नदीत, तुमच्याच हातानं.”

लक्ष्मीकांतरावांनी वाफाही रुमालासारखाच बांधला. प्रत्येक थर दाबून, कडा सरळ, वर फरशीचं वजन. ज्येष्ठात अशी घाण सुटली की शेजारचे बाबूराव भिंतीवरून ओरडले, “फणसेजी, होळकरांचं दप्तर सडलं काय?”

खजरान्याच्या देवळाबाहेर हार विकणारा संताजी माळी घरी फुलं द्यायला येई. त्यानं फरशी उचलून आत काठी खुपसली.

“भिया, ये फाइल थोडी है! याला हवा लागते. तुम्ही तर गळाच आवळला.”

सगळं उपसून पुन्हा सैल रचायला तीन दिवस लागले. नवव्या दिवशी लक्ष्मीकांतरावांनी ढिगात हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला. चटका बसला होता. खाली थंड खडक, विस्तव कुठेच नाही. आषाढातल्या सकाळी ढिगातून वाफ निघे आणि ते छत्री धरून बघत उभे राहत. भाद्रपदात ढीग निवला. कमरेइतका होता तो गुडघ्याखाली आला. मग त्यात गांडुळं दिसली. या खडकावर ती आली कुठून, ते संताजीलाही सांगता येईना.

घटस्थापनेच्या सकाळी सुलोचनाबाई पत्रावळ घेऊन परसात आल्या. कोपरापर्यंत हात खुपसून त्यांनी माती वर काढली, बोटांनी चाळली. पाकळी सापडली नाही. शेण नाही, चिपाड नाही. काळी, भुसभुशीत माती. त्यांनी ती नाकाशी नेली.

“फुलं कुठे गेली हो?”

“ठाऊक नाही. मी नुसती रचली.”

त्या पत्रावळ भरून आत गेल्या, गहू पेरला, घट बसवला. तिसऱ्या दिवशी कोंब वर आले.

दसरा झाला. घटावरच्या नऊ सुकलेल्या माळा टोपलीत घालून सुलोचनाबाई उठल्या. लक्ष्मीकांतरावांना वाटलं, नदीवर निघाल्या. पण सुलोचनाबाईंनी उंबऱ्याशी चपला काढून ठेवल्या, अनवाणी परसात गेल्या आणि माळा सुट्या करून वाफ्यावर पसरल्या. सैल.